जपानी गाण्याच्या मात्रा

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात राहून मी जपानी भाषा शिकवते. शिकणारे बहुतेक जण ऑनलाइन असतात. पुण्या-नाशिकचे, नागपूरचे, भुसावळचे, थोडे आमच्याच रावेर-यावल तालुक्यांतले. पुष्कळांना नोकरी हवी असते. जेएलपीटी परीक्षेच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी ओलांडली की पुण्यातल्या कंपन्यांत बरं काम मिळू शकतं, हे आता आमच्याकडेही ठाऊक झालंय. पण गेली काही वर्षं माझ्याकडे आणखी एका प्रकारची मुलं येतात. त्यांना जपानीत गायचं असतं. घरी गुणगुणण्यापुरतं त्यांना पुरत नाही. तिकडे जायचं, स्टेजवर उभं राहायचं, रेकॉर्ड काढायची, पॉप किंवा रॉक गायक म्हणून नाव मिळवायचं, असा त्यांचा मनसुबा असतो. सुरुवातीला मी त्यांना इतरांसारखंच व्याकरण शिकवायचे. मग त्यांच्या गाण्यांची उच्चारतालीम घेऊ लागले, आणि आता तेच माझ्या शिकवण्यातलं सर्वांत जिवाभावाचं काम झालं आहे.

ही मुलं कुठून आली, ते सांगायला हवं. डोरेमॉन आणि शिनचॅन ही जपानी कार्टून, म्हणजे ॲनिमे, हिंदीत बघत ती वाढली. हातात मोबाइल आल्यावर त्यांनी 'नारुतो' मूळ जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं वाचत बघितला, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला व शेवटी वाजणारं गाणं त्यांच्या कानात बसलं. माकोतो शिन्काई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट भारतातल्या चाहत्यांनी मागणी लावून धरल्यावर 2019 साली इथल्या थिएटरांत आला. 2023 मध्ये त्यांचा 'सुझुमे' आला, तेव्हा माझे विद्यार्थी तो बघायला जळगावहून मुंबई-पुण्याला गेले. भाषा त्यांच्याकडे गाण्यातून आली आणि व्याकरण मागून आलं. माझ्या बाबतीत उलट झालं होतं. मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, मग तोक्योत भारतीय इंजिनिअर आणि जपानी ग्राहक यांच्यामध्ये दुभाष्याचं काम केलं, आणि गाण्याकडे मी तिथे संध्याकाळी वळले. कोएन्जी आणि शिमोकिताझावा या भागांत तळघरांतून छोटी लाइव्ह हाउस आहेत. पन्नास-शंभर माणसं उभी राहतील एवढी जागा, आवाज छातीत घुमेल असे स्पीकर, आणि एका रात्रीत चार-पाच बँड. तिथे मी बाहेरून आलेले गायक ऐकले: फिलिपिन्सचे, ब्राझीलचे, कोरियाचे, एखादा भारतीयही.

तालमीत पहिली गोष्ट मी शिकवते ती मात्रा. जपानी भाषा मात्रांवर चालते, आणि मराठी मुलाला ही गोष्ट समजायला इंग्रजी मुलापेक्षा कमी वेळ लागतो, कारण शाळेत त्यानं लघु-गुरू मोजलेले असतात. 'तोक्यो' हा शब्द आपण दोन हिसक्यांत म्हणतो. जपानीत तो चार मात्रांचा आहे: तो-ओ-क्यो-ओ. 'निप्पोन'च्याही चार मात्रा: नि, मग एक थांबा, मग पो, मग न. 'तोक्यो' आपल्या छंदशास्त्रानं मोजला तरी दोन गुरू म्हणजे चारच मात्रा भरतात. फरक गाताना कळतो. आपल्याकडे गुरू अक्षर एका सुरावर ओढलं तरी चालतं. जपानीत त्या प्रत्येक मात्रेला स्वतःचा सूर मिळू शकतो, अगदी शेवटच्या 'न'लासुद्धा. ओठ उघडे ठेवून, नाकातून, तो एकटा 'न' एका पूर्ण सुरावर धरायचा असतो. आणि दुहेरी व्यंजनाआधीचा थांबा हीसुद्धा एक मात्रा. तिथे आवाज बंद, पण वेळ चालू. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक मुलगा गिटार उत्तम वाजवतो, आवाज खणखणीत, पण तो थांबा त्याला सोसवत नसे. लगेच पुढचा शब्द उचलायचा आणि शेवटी ड्रमच्या पुढे निघून जायचा. मी त्याला गाणं बाजूला ठेवून फक्त टाळीवर शब्द म्हणायला लावले. त्याच्या हाताला थांबा समजला, मग गळ्याला समजला.

दुसरी गोष्ट बोलणं आणि गाणं यांतल्या अंतराची. बोलताना जपानी माणूस काही स्वर गिळतो. 'देसु'मधला उकार ऐकूच येत नाही, 'सुकी' हे 'स्की' वाटतं. जपानी नीट बोलू लागलेली मुलं गातानाही तो स्वर गिळतात, आणि सूर टांगता राहतो. गाण्यात त्या 'सु'ला त्याचा उकार बहुतेक वेळा परत द्यावा लागतो. म्हणजे जो चांगलं बोलायला शिकला त्याला गाण्यासाठी पुन्हा एकदा अक्षर अक्षर उघडून शिकावं लागतं.

काही ठिकाणी मराठी जीभ आधीच तयार असते, आणि ते सांगताना मला फार आनंद होतो. जपानीतला 'त्सु' हा आवाज इंग्रजी शाळांतली मुलं 'सु' करून टाकतात. मी त्यांना 'चूल' म्हणायला सांगते. 'चूल'मधला च आणि 'चिमणी'मधला च वेगळे आहेत हे त्यांनी आयुष्यभर न शिकता पाळलेलं असतं. तेच दोन च जपानीतही लागतात. श्वास सोडून म्हटलेली ख, घ, थ ही अक्षरं जपानीत नाहीत, पण साधा क आणि साधा त स्वच्छ म्हणणं मराठी माणसाला जमतंच. 'फु' मात्र शिकवावा लागतो: दात ओठाला लावायचे नाहीत, दोन्ही ओठांतून नुसती फुंकर.

उच्चार जमले की प्रश्न येतो भाषेच्या पातळीचा. नुसत्या ॲनिमेवरून जपानी उचललेली मुलं लढाईतल्या नायकासारखी बोलतात. समोरच्याला 'ओमाए' म्हणणं म्हणजे गावच्या पाटलाला पहिल्या भेटीत अरे-तुरे करणं. गाण्यात ते शोभतं. ऑडिशनला आलेल्या निर्मात्याशी बोलताना नाही. म्हणून मी त्यांना गाण्याबरोबर नमस्काराची, आभाराची, विनंतीची आदरार्थी जपानी पाठ करवून घेते. स्टेजवर जाण्याआधी ध्वनियंत्र सांभाळणाऱ्या माणसाला, आधीच्या बँडला, दारावर तिकीट फाडणाऱ्या मुलीला रीतीनं दोन शब्द बोलणं हा तिथे गाण्याचाच भाग धरला जातो. हे ज्याला येतं त्याला पुढच्या महिन्यात परत बोलावतात.

एक प्रश्न सगळी मुलं विचारतात: "सेन्सेई, जपानी लोक परक्याला आपला गायक मानतात का?" उत्तर द्यायला मी त्यांना माणसं दाखवते. 1971 साली तैवानची ओऊयांग फेई फेई हिनं ओसाकाच्या पावसावरचं गाणं जपानीत गायलं आणि ते देशभर गाजलं. त्याची चाल अमेरिकेच्या 'द व्हेंचर्स' बँडनं केली होती. 1972 साली हाँगकाँगची किशोरवयीन ॲग्नेस चॅन आली. तिचं अडखळतं जपानी लोकांना गोड वाटलं. तैवानच्या तेरेसा तेंगनं 1984 ते 1986 अशी सलग तीन वर्षं जपानचा केबल-प्रसारण संगीत पुरस्कार मिळवला, आणि तिची त्या काळातली गाणी आजही कराओकेत म्हटली जातात. 2002 मध्ये कोरियाच्या बोआचा जपानी अल्बम ओरिकॉन या जपानी विक्रीयादीत पहिला आला; कोरियन गायिकेसाठी ते पहिल्यांदा घडलं. दार बंद नाही. पण या सगळ्या जणी पूर्व आशियातल्या होत्या, दिसायला जपान्यांहून फार वेगळ्या नव्हत्या, आणि त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या होत्या.

म्हणून मग मी जेरोची गोष्ट सांगते. पिट्सबर्गचा हा कृष्णवर्णीय अमेरिकन मुलगा. त्याची आजी योकोहामाची. तिच्याकडून त्याला लहानपणीच एन्का ऐकायची सवय लागली. एन्का म्हणजे विरहाचं, बंदराचं, बर्फाचं जुन्या वळणाचं जपानी गाणं. कॉलेजात संगणकशास्त्र शिकून तो 2003 साली जपानला गेला, आधी इंग्रजी शिकवलं, मग आयटीत नोकरी केली, आणि फावल्या वेळात गाण्याच्या स्पर्धांना उभा राहत राहिला. 2008 च्या फेब्रुवारीत त्याचं 'उमियुकी' निघालं तेव्हा डोक्यावर टोपी आणि अंगावर हिपहॉपचे ढगळ कपडे होते, पण गळ्यातून निघालं ते अस्सल एन्का. त्या वर्षी त्याला उत्कृष्ट नवोदित कलाकाराचा रेकॉर्ड पुरस्कार मिळाला, आणि 31 डिसेंबरला साऱ्या जपानची घरं जो कार्यक्रम बघतात त्या 'कोहाकु'त तो गायला. हे बघायला त्याची आजी नव्हती. ती 2005 सालीच गेली होती. 2018 मध्ये त्यानं गाणं थांबवलं आणि पुन्हा संगणकाच्या कामाकडे वळला. गोष्टीचा हा शेवटही मी मुलांना सांगते. दहा वर्षं मनापासून गाऊन एखादा माणूस दुसऱ्या कामाकडे वळला, तर त्याचं गाणं वाया गेलं असं मला वाटत नाही.

रॉकवाल्या मुलांना मी सेंदाईच्या 'मंकी मॅजिक'कडे पाठवते. मेनार्ड आणि ब्लेझ प्लँट हे दोन कॅनेडियन भाऊ आणि त्यांचे जपानी साथीदार. मेनार्ड उत्तर जपानात इंग्रजी शिकवायला आला होता. 2000 साली बँड सुरू झाला, 2006 साली त्यांचं गाणं 'साइयुकी' या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत झालं. तरी ते तोक्योला न हलता सेंदाईतच राहिले. 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर आपल्या भागातला चिखल उपसायला ते उतरले. इंग्रजी आणि जपानी एकाच गाण्यात मिसळणं ही त्यांची खूण आहे. परक्यानं तिथलं व्हायचं म्हणजे काय, ते मला या बँडकडे बघून कळलं. एका गावात पाय रोवायचे, तिथल्या सुखदुःखात हजर राहायचं, आणि मग गायचं.

मुलांना आणखी एक गोष्ट ऐकवते, ती ऐकल्यावर त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. 1970-71 च्या सुमारास जपानी रॉकवाल्यांमध्येच मोठा वाद झाला: रॉक जपानीत गाता येतं का? युया उचिदांसारखे म्हणत होते की जगात पोहोचायचं तर इंग्रजीतच गायला हवं. जपानी अक्षरं या तालात बसत नाहीत. 'हॅप्पी एंड' या चौघांच्या बँडनं उत्तर गाऊन दिलं. त्यांचा 1971 चा 'काझेमाची रोमान' हा अल्बम जपानीत होता आणि आज तो पायाचा दगड मानला जातो. पुढे 1978 साली 'सदर्न ऑल स्टार्स'चा केइसुके कुवाता आला, त्यानं जपानी शब्द इंग्रजीच्या वळणानं वाकवून गायले आणि तेही लोकांनी उचललं. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा, त्यांनाही तिच्यात रॉक बसवायला जीभ नव्यानं वळवावी लागली. परक्या मुलाला आपल्या उच्चाराची जी लाज वाटते, ती त्यानं या इतिहासाच्या शेजारी ठेवून बघावी.

कौतुकाचीही एक अडचण असते. निप्पोन टीव्हीवर 'नोदोजिमान द वर्ल्ड' नावाचा परदेशी गायकांचा कार्यक्रम झाला. सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस हार्ट तिथे 2012 साली जिंकला, पुढल्या वर्षी त्याचा जुन्या लोकप्रिय गाण्यांचा अल्बम निघाला. 2013 मध्ये तिथे जिंकलेल्या डायना गार्नेटला 'नारुतो'च्या भागाअखेर वाजणाऱ्या एका गाण्याची संधी मिळाली. हे दोघे मेहनती आणि सुरेल आहेत. पण अशा मंचावर 'परदेशी असून किती छान गातो' ही दाद आधी मिळते आणि गाण्याला मिळणारी दाद मागून येते. तोक्योत असताना एका भारतीय मुलीबरोबर मी ऑडिशनला दुभाषी म्हणून गेले होते. तिनं स्वतः लिहिलेलं गाणं जपानीत गायलं, चोख गायलं. समोरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, भारतीय नाच येतो का? ती शांतपणे म्हणाली, मी गायिका आहे. तिथून तिला बोलावणं आलं नाही. पुढे ती आपल्याच गाण्यांचे छोटे कार्यक्रम लाइव्ह हाउसमध्ये करत राहिली आणि तिला ऐकणारे हळूहळू वाढले. तिच्या त्या उत्तराचा मला आजही अभिमान वाटतो.

या छोट्या कार्यक्रमांचा हिशेब मी मुलांना आधीच मांडून दाखवते. बहुतेक लाइव्ह हाउसमध्ये 'नोरुमा' असतो: बँडनं ठरावीक तिकिटं खपवायची, नाही खपली तर उरलेल्यांचे पैसे स्वतः भरायचे. तिकीट साधारण 2000 ते 3000 येनच्या आसपास असतं. ओळखीपाळखी नसलेल्या परदेशी मुलाला सुरुवातीला हे जड जातं. व्हिसाचा प्रश्न त्याहून मोठा. विद्यार्थी म्हणून गेलेल्याला परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. नोकरीच्या व्हिसावर असताना पैसे घेऊन गायचं तर वेगळी परवानगी लागते. गायकासाठीचा 'कोग्यो' व्हिसा मिळवायला कुठली तरी संस्था पाठीशी उभी राहावी लागते. म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे: आधी भाषा किंवा एखादा व्यवसाय घेऊन जा, राहण्याचं नीट करा, नियम पाळा, आणि गाणं रोज करा. मराठी मुलांना तिथे एक आधार मिळतो. एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास आपली पुष्कळ कुटुंबं आहेत. 2019 साली तिथल्या स्थानिक निवडणुकीत योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. तोक्यो मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात गायला मिळतं. पहिली धास्ती घालवायला तो मंच चांगला आहे, पण तिथेच थांबू नये. ज्यांच्या भाषेत गायचं त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं.

आता सावद्याच्या एका मुलीबद्दल. तिचे वडील केळीबागांचं काम करतात, कापणीच्या दिवसांत पहाटे निघून घड ट्रकवर चढेपर्यंत शेतातच असतात. तिनं गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या होत्या आणि तिला जपानी पॉप गायचं होतं. तिच्या प्रत्येक ओळीत मुरकी यायची. पॉपला सरळ, उभा सूर लागतो, म्हणून आम्ही कित्येक आठवडे नुसते सरळ सूर लावले. तिनं ते केलं, पण आवाज कोरडा झाला, तिचा वाटेना. तेव्हा मी तिला एन्का ऐकवलं. त्यात सुराला एक छोटी गिरकी देतात, तिला 'कोबुशी' म्हणतात. तिनं एकदा ऐकलं आणि गळ्यातून काढलं. तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांतला हेल तिच्या अंगात होताच. त्यातून ही गिरकी सहज निघाली. आजी शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मले सबद कयत नही, पन पोरगी कुठी रडते ते कयतं." तिथून आम्ही वाट बदलली. पॉपच्या ओळीत मुरकी कुठे ठेवायची आणि कुठे काढायची, हे ती स्वतः ठरवू लागली. मात्रा जपानीच्या, एकही कमी-जास्त नाही. आवाज मात्र तिचा.

आमच्या भागातल्या मुलांना हे लवकर पटतं असा माझा अनुभव आहे. पुण्याला गेल्यावर 'केळी'ला 'केयी' म्हटलं म्हणून मागे वळून बघणारे लोक मीही पाहिले आहेत. त्याच बोलीत आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी गात होत्या. त्यांच्या निधनानंतर 1952 साली गाणी छापून आली आणि साऱ्या महाराष्ट्रानं ती आपली मानली. आज शेजारच्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा बघितले जातात, लग्नात बँडवाले तीच वाजवतात. आपली बोली गाण्यात शोभते की नाही, ही शंका आमच्या मुलांनी घरीच सोसलेली आणि घरीच संपताना पाहिलेली असते. ती शिदोरी घेऊन दुसऱ्याच्या भाषेत जाणारा माणूस दबून राहत नाही.

इतक्या मुलांबरोबर बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. परक्या भाषेत गाणाऱ्यानं त्या भाषेचं माप पूर्ण पाळावं: तिची मात्रा, तिचा थांबा, तिचा आदर. त्यात सूट मागू नये. पण आपला गळा कुठल्या मातीतला आहे हे पुसून टाकायची गरज नाही. माप पाळणाऱ्याचा आवाज वेगळा असला तरी ऐकणारा त्याला आत घेतो. माप न पाळता केलेली हुबेहूब नक्कल दोन दिवस करमणूक करते.

पालक मला विचारतात, यातून पोट भरेल का? मी त्यांना खरं तेच सांगते. बहुतेकांचं गाण्यावर भरणार नाही. पण जो मुलगा गाण्यासाठी जपानी शिकतो तो नुसत्या परीक्षेसाठी शिकणाऱ्यापेक्षा खोल शिकतो, आणि ती भाषा त्याला दुभाष्याचं, शिक्षकाचं, इंजिनिअरचं काम देऊ शकते. भुसावळचा तो गिटारवाला मुलगा आता जेएलपीटीच्या एन-टू पातळीची तयारी करतो आहे आणि रोज संध्याकाळी तासभर गातो. त्याला अडवू नका, असं मी त्याच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी त्याला जपानच्या भाषाशाळेचा अर्ज भरायला परवानगी दिली आहे, आणि त्या अर्जाबरोबर पाठवायचं जपानी पत्र आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत.